धूर कवा येतोय?

आपल्याकडे गाडी चालवायला परवाना लागतो; गाडीच्या धुराचं निदान करायला काहीच लागत नाही. गाडीच्या मागं क्षणभर उभं राहता आलं की पात्रता सिद्ध झाली. सायलेन्सरमधून जरा निळसर काही निघालं, की रस्त्यानं जाणारा कुणीही गृहस्थ थांबतो, डोळे बारीक करतो, नाकानं एक हुंगा घेतो आणि निकाल देतो, "रिंगा गेल्या." त्याचा स्वर आजाऱ्याला भेटायला आलेल्या लांबच्या नातेवाइकाचा असतो. चेहरा पाडायचा, आपल्या साडूचंही अगदी असंच सुरू झालं होतं म्हणून सांगायचं, साडूला शेवटी किती खर्च आला तो आकडा सांगायचा, आणि चहा घेऊन निघायचं.

जुन्या इंजिनातून धूर आला तर निदान वयाकडे बोट दाखवता येतं. खरी पंचाईत होते ती नव्यानं बांधलेल्या इंजिनाची. तिथं पैसे देऊन झालेले असतात, पेढे वाटून झालेले असतात, आणि धूर आधीपेक्षा जास्त येत असतो.

हा प्रसंग हल्ली वारंवार दिसतो, त्याला कारण आहे. पुण्याजवळ रांजणगावला फियाटचं १.३ लिटरचं टर्बो डिझेल इंजिन तयार व्हायचं. तेच इंजिन मारुती मानेसरला बनवायची. एकाच इंजिनावर फियाट, टाटा आणि मारुती अशा तिघांच्या गाड्या पळत होत्या. गाड्यांवर लिहिणाऱ्या मंडळींनी त्याला 'राष्ट्रीय इंजिन' अशी पदवीच देऊन टाकली होती. मग एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ चे नियम लागू झाले, मारुतीनं डिझेल गाड्या बंद केल्या आणि छोटी डिझेल गाडी बाजारातून जवळजवळ उठली. ज्यांच्या दारात अशी गाडी आहे त्यांनी मग हिशेब केला: नवी मिळत नाही, ही विकवत नाही, तर इंजिनाचं काम करून घेऊ.

आमच्या मामांनीही हाच हिशेब केला. त्यांची गाडी या छोट्यांपेक्षा अंगानं मोठी, पण डिझेल आणि टर्बोवालीच. उसाचं बिल खात्यावर जमा झालं आणि त्याच आठवड्यात गाडी कोल्हापूरच्या उद्यमनगरात उघडी पडली. ब्लॉक एका लेथवाल्याकडे बोअरिंगला, क्रँक दुसऱ्याकडे ग्राइंडिंगला, हेड तिसऱ्याकडे फेसिंगला. मामा रोज सकाळी तिन्हीकडे हजेरी लावून यायचे. संध्याकाळी घरी जेवताना ते "अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइज" असं काही तरी बोलायचे, आणि पानावरच्या भाकरीकडे अशा नजरेनं बघायचे, की मामींना भाकरीचाच घेर चुकलाय की काय असं वाटायचं.

इंजिन भरून झालं. बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं, टायरपाशी नारळ फुटला, मामांनी किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं आणि मागून जो धूर निघाला त्यात समोरचं चहाचं टपरीवजा हॉटेल दिसेनासं झालं. कुणीच काही बोलेना. मग मिस्त्रींनी हात पुसत एकच शब्द उच्चारला, "बसंल."

या एका शब्दावर उद्यमनगरात कैक इंजिनं गिऱ्हाइकाच्या ताब्यात गेली असतील. गंमत म्हणजे तो शब्द खोटा नाही. सिलिंडर बोअर केला की त्याच्या भिंतीवर मुद्दाम बारीक तिरप्या रेघांची जाळी काढतात. तिला होनिंग म्हणतात. त्या रेघांत ऑइल धरून राहतं, आणि पिस्टनच्या नव्या रिंगा त्या जाळीवर घासत घासत भिंतीशी जुळतात. तोवर थोडं ऑइल वर जातं आणि जळतं. शिवाय भरताना प्रत्येक भागाला ऑइल चोपडलेलं असतं, आणि जुन्या इंजिनानं वर्षानुवर्षं सायलेन्सरमध्ये आणि इंटरकूलरमध्ये साठवलेलं ऑइल वेगळंच. ते तापून निघून जाईपर्यंत निरोगी इंजिनाच्या मागूनही धूर निघतो. म्हणून पहिल्या दिवशीचा धूर पुरावा म्हणून धरू नये.

पण रिंगा बसायला इंजिनावर भार पडावा लागतो, हे आपल्या लोकांना पटवणं अवघड. जळलेल्या वायूचा दाब रिंगेच्या मागच्या खाचेत शिरतो आणि रिंगेला भिंतीवर दाबून धरतो. दाबच नसेल तर रिंग बसणार कशी? मामांनी मात्र गाडीला बाळंतिणीच्या वरची बडदास्त ठेवली. दारात उभी करून तासन्‌तास नुसती चालू ठेवायची, आणि रस्त्यावर नेलीच तर सायकलवाल्यालाही वाट द्यायची. अशानं भिंतीवरची जाळी घासली जाण्याऐवजी तिच्यावर चकचकीत थर चढतो, आणि एकदा तो चढला की रिंगा जन्मभर बसत नाहीत. मिस्त्रींनी हे ऐकलं तेव्हा ते मामांवर पहिल्यांदा ओरडले, "मालक, पळवा की तिला! जोतिबाचा चढ चढवा!"

मामांनी गाडी जोतिबाला नेली. दर्शन झालं, धूर राहिला.

मग सुरू झाला चौकशीचा दौरा. या दौऱ्यात एक नियम कटाक्षानं पाळला जातो: प्रत्येक जण दुसऱ्याच्या खात्यातलं कारण सांगतो. बोअरिंगवाले म्हणाले, "आमचं काम मायक्रॉनमधलं. भरणाऱ्यानं रिंग उलटी घातली असंल." मिस्त्री म्हणाले, "रिंगा मी स्वतः बघून घातल्यात. टर्बो गेला." टर्बोवाल्यानं टर्बोचा शाफ्ट बोटानं हलवून बघितला आणि म्हणाला, "ह्याला प्ले न्हाई. खालनं ऑइल परत जात नसंल, इंजिनवाल्याला विचारा." ऑइल विकणाऱ्यानं डब्यावरचा ग्रेड वाचला आणि दुसरा, महाग डबा पुढं केला. मामांचे एक मित्र म्हणाले, पंपावरचं डिझेलच भेसळीचं. दुसरे मित्र म्हणाले, "विकून टाका." त्यांना ती स्वतःला हवी होती.

सगळ्यात वाईट म्हणजे यातलं कुणीच अडाण्यासारखं बोलत नव्हतं. दुसऱ्या रिंगेची कड तिरपी असते. ती उलटी बसली तर ऑइल खाली खरवडण्याऐवजी वर नेते. म्हणून तर रिंगेच्या एका बाजूला खूण असते आणि ती बाजू वर ठेवायची असते. वॉल्व्हच्या सील कडक झाल्या तर ऑइल वरून झिरपतं. ब्रीदरची नळी तुंबली तर इंजिनाच्या पोटातला दाब वाढतो आणि तो ऑइलला मिळेल त्या वाटेनं ढकलतो. टर्बोच्या हवेच्या बाजूनं गळालं तर ऑइल इंटरकूलरमार्गे इंजिनात जातं. आणि टर्बोच्या एक्झॉस्टच्या बाजूनं गळालं तर ते इंजिनात शिरतच नाही, थेट तापलेल्या नळीत पडून जळतं. म्हणजे इंजिन ठणठणीत आणि धूर मात्र त्याच्या नावावर. पाच वाटा, धूर एकच, आणि प्रत्येक वाटेवर एकेक दुकान.

रंगावरून तरी ठरवावं, तर रंगावर आपल्यात एकमत होत नाही. पुस्तकात सोपं असतं. निळा म्हणजे ऑइल. काळा म्हणजे डिझेलच्या मानानं हवा कमी: एक लिटर डिझेल नीट जळायला निदान दहा हजार लिटर हवा लागते, आणि फिल्टर चोंदला किंवा टर्बोकडून येणारा होजपाइप क्लिपेतून निसटला, की ती पुरेशी पोचत नाही. मग गाडी ओढत नाही, नुसती काजळी टाकते. पांढरा म्हणजे एक तर न जळलेलं डिझेल, ज्यानं डोळे चुरचुरतात. किंवा हेड गॅस्केटमधून शिरलेलं कूलंट, ज्याला गोडसर वास येतो आणि ज्याच्यामुळे टाकीतली पातळी गुपचूप उतरत जाते. आणि थंडीतल्या सकाळी निघून दोन हातांवर विरणारा पांढरा म्हणजे काहीच नाही. एक लिटर डिझेल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. ते वाफ होऊन बाहेर पडणारच. त्या वाफेवरही "हेड गॅस्केट!" म्हणून ओरडणारे तज्ज्ञ डिसेंबरात प्रत्येक गल्लीत सापडतात.

हे झालं पुस्तक. प्रत्यक्षात संध्याकाळच्या उन्हात निळा धूर राखाडी दिसतो, सावलीत राखाडी धूर निळा दिसतो, आणि ज्याला इंजिनाचा खर्च द्यायचाय त्याला सगळेच धूर पांढरे दिसतात. मामांच्या अंगणात या विषयावर रोज परिषद भरायची. भाच्यानं मागून व्हिडिओ काढला. तो पाहणाऱ्या प्रत्येकाच्या मोबाइलवर रंग वेगळा.

शेवटी कुणी तरी निवृत्तीला आलेल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींचं नाव सुचवलं. ते आले, ओट्यावर बसले, पाणी प्यायले. गाडीकडे त्यांनी बघितलंही नाही. रंग विचारला नाही. म्हणाले, "धूर कवा येतोय?"

मामा म्हणाले, "येतोय की रोज."

"रोज न्हवं. कवा? सकाळी पयल्यांदा चालू केल्यावर? चढाला? उताराला? का थांबून निघाल्यावर?"

परिषदेत शांतता पसरली. इतके दिवस सगळ्यांनी 'कसला' यावर डोकं खपवलं होतं. 'केव्हा' कुणी बघितलंच नव्हतं. एवढ्यात दारातून मामी म्हणाल्या, "थांबून निघालं की येतोय. दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला बराच वेळ उभारलं आणि ह्यांनी गाडी काढली, की मागच्या काचेतनं मागचा रिक्षावाला दिसायचा बंद होतोय. चढाला काही नसतंय."

"मग सांगितलं का नाहीस?" मामा.

"मला विचारलं कुणी?"

म्हाताऱ्या मिस्त्रींनी मान हलवली. त्यांच्या दृष्टीनं अर्धं काम झालं होतं, आणि अजून बॉनेटही उघडलं नव्हतं.

त्यांचा हिशेब असा. रात्रभर उभ्या गाडीतून सकाळी एक लोट निघाला आणि मग स्वच्छ झाला, तर वॉल्व्ह सील बघा. रात्रभर थेंब थेंब ऑइल खाली उतरलेलं असतं. पेट्रोलची गाडी उताराला अ‍ॅक्सिलरेटर सोडून आणली आणि पुन्हा पाय देताच धूर आला, तरी बोट तिकडंच. कारण बंद थ्रॉटलच्या मागं निर्वात तयार होऊन ऑइल वॉल्व्हच्या गाइडमधून ओढलं जातं. भार असताना, चढाला, धूर सतत आणि ऑइल भराभर कमी होत असेल, तर रिंगा. आणि बराच वेळ आयडलवर उभी राहून निघताना लोट येत असेल, चढाला मात्र काही नसेल, तर टर्बो किंवा टर्बोची परतीची वाट.

यातली परतीची वाट महत्त्वाची. टर्बो ही वस्तू स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूशी यानं १९०५ साली पेटंट केली. वाया जाणाऱ्या गरम वायूनं एक चाक फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकानं इंजिनात जास्त हवा कोंबायची. पहिली टर्बो डिझेल मोटार मर्सिडीझनं विकायला आणली ती १९७८ साली. कल्पना सोपी, पण आजच्या छोट्या टर्बोचा दांडा मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या घरात फिरतो आणि त्याची एक बाजू लाल होईपर्यंत तापते. तिथं रबरी सील टिकत नाही. धातूच्या बारीक रिंगा असतात, आणि ऑइल अडवण्याचं बरंचसं काम पलीकडच्या वायूचा दाबच करतो. आयडलला हा दाब नाममात्र. ऑइल मात्र पंपाच्या जोरानं वरून येतच असतं. बाहेर पडताना त्याला कुणी ढकलत नाही. खालच्या जाड नळीतून ते आपल्या वजनानं संपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, उतरतं. ती नळी तुंबली, वाकली किंवा खाली संपमध्येच दाब वाढला, की ऑइल टर्बोत साचतं आणि सीलमधून बाहेर येतं. यात टर्बोचा दोष काडीचा नसतो. बिल मात्र त्याच्या नावानं फाडतात, कारण बदलायला तोच सगळ्यात सोयीचा.

म्हाताऱ्या मिस्त्रींनी पहिल्यांदा डिपस्टिक काढली. ऑइल वरच्या खुणेच्या चांगलं वर होतं. "नवीन इंजिन हाय म्हणून जरा जास्तच घातलं," आधीच्या मिस्त्रींनी खुलासा केला. प्रेमानं जास्त वाढणं हा आमच्या भागाचा गुण आहे. पण इंजिनात ऑइल खुणेच्या वर गेलं की क्रँक त्याला घुसळतो, फेस होतो, आणि टर्बोतून परत येणाऱ्या ऑइलला जागा मिळत नाही. जास्तीचं काढलं. धूर कमी झाला, गेला नाही.

मग ऑइल भरायच्या तोंडाचं झाकण काढून इंजिन चालू ठेवलं. आपल्याकडे याला 'बॅक कॉम्प्रेशन बघणे' म्हणतात. रिंगा गेल्या असतील तर तिथून भकाभक वाफा येतात आणि वर उलटं ठेवलेलं झाकण थडथडायला लागतं. झाकण जागचं हललं नाही. खात्रीसाठी कॉम्प्रेशन गेज लावून चारही सिलिंडर मोजले. चौघे एकमेकांच्या बरोबरीत. एखादा कमी भरला असता तर दोष रिंगांचा, वॉल्व्हचा की गॅस्केटचा हे पुढं शोधावं लागलं असतं. तेवढी गरजच पडली नाही. बोअरिंगवाले तेवढ्यात फोनवरून निर्दोष सुटले.

ब्रीदरची नळी फुंकून बघितली, मोकळी होती. शेवटी टर्बोखालची परतीची नळी सोडवली. तिच्या तोंडावर गॅस्केट पेस्ट सढळ हातानं लावलेली. बोल्ट आवळल्यावर ती आतल्या बाजूला उसळून वाळली होती आणि निम्मी वाट बंद झाली होती. म्हाताऱ्या मिस्त्रींनी ती नखानं सोलून काढली, मामांच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "हा तुमचा टर्बो."

त्यानंतरही सायलेन्सरमधलं साठलेलं ऑइल जळून जाईपर्यंत धूर येत राहिला, आणि तेवढ्या काळात आणखी काही जणांनी रिंगा गेल्याचं सांगितलंच.

ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी आहे, पण सगळी नाही. टर्बोतून हवेच्या बाजूला फार ऑइल गळू लागलं तर डिझेल इंजिन त्याच ऑइलवर पळू शकतं. त्याला ठिणगी लागत नाही, त्यामुळं किल्ली काढली तरी ते थांबत नाही. उलट वेग वाढत जातो. अशा वेळी ब्रेक दाबून धरायचा, वरचा गिअर टाकायचा आणि क्लच सोडून इंजिन मारायचं. ते जमणार नसेल तर सगळ्यांना लांब करायचं. बॉनेटमध्ये हात घालायचा नाही. त्यामुळं निळा धूर दाट होत चालला आणि ऑइल रोज कमी होतंय असं दिसलं, तर परिषद भरवण्यापेक्षा गाडी उभी करावी.

पीयूसीच्या कागदावरही विसंबू नये. डिझेल गाडीला रिकाम्या गिअरमध्ये पूर्ण रेस देतात आणि यंत्र फक्त धुरानं प्रकाश किती अडवला ते मोजतं. त्याची मर्यादा जुन्या गाड्यांना ६५ हार्ट्रिज एकक, बीएस-४ गाड्यांना ५०. यंत्राला रंग कळत नाही, आणि सिग्नलला थांबून निघताना काय होतं हे तर त्याला विचारायचंच नसतं. धूर मर्यादेबाहेर गेला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. तेवढ्या पैशांत एक कॉम्प्रेशन गेज येतो आणि पुढं जन्मभर पुरतो.

तेव्हा नव्यानं बांधलेल्या टर्बो इंजिनातून धूर आला, तर इंजिन लगेच उघडू नका. आधी साठलेलं जळू द्या आणि गाडी भार देऊन चालवा. मग धूर केव्हा येतो ते लिहून काढा. रोज मागच्या सीटवर कोण बसतं त्यालाही विचारा. नंतर फुकटच्या तपासण्या करा: ऑइलची पातळी, कूलंटची पातळी, होजपाइपच्या क्लिपा, ब्रीदर, टर्बोची परतीची नळी. त्यानंतर कॉम्प्रेशन. हेड खोलायचं ते त्याच्यानंतर. टर्बो बदलायचा तो सगळ्यात शेवटी, कारण टर्बो आपण होऊन क्वचितच मरतो. बहुतेकदा त्याचं ऑइल कुणी तरी अडवलेलं असतं.